दाराबाहेरचं काम: महिला समुपदेशन केंद्राच्या विश्वस्तांसाठी

आमच्या केंद्राच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत बाकडं, माठ, रजिस्टर आणि एक जुना संगणक. आतल्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि आतून कडी लागणारं दार. मी अकरा वर्षं या संस्थेची विश्वस्त आहे. ती कडी लागलेली असताना आत काय बोललं गेलं, ते मला माहीत नाही. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. आपण संस्थेसाठी इतकं करतो आणि आपल्यालाच काही सांगत नाहीत म्हणून. आता मात्र नवीन विश्वस्त आला की मी आधी त्याला ते दार दाखवते आणि सांगते, आपलं सगळं काम याच्या अलीकडे.

हे ‘अलीकडचं’ काम पाहता पाहता बरंच निघतं. धर्मादाय कार्यालय, बँक, ऑडिट, पगार, पोलीस ठाणं, गावातल्या बड्या माणसांचे फोन. तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या, पगार न घेणाऱ्या विश्वस्ताला जे लागतं ते क्रमाने लिहिते आहे. कायद्याचे संदर्भ महाराष्ट्रातले आहेत.

१. होकार देण्याआधी कागद मागा

कुणीतरी ओळखीचं घरी येतं, चहा होतो आणि मग वाक्य येतं, “ताई, तुम्ही फक्त नाव द्या, काम आम्ही बघतो.” या वाक्यावर होकार देऊ नका.

आपल्याकडची बहुतेक केंद्रं संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्हींखाली नोंदलेली असतात. दुसऱ्याला जुनी मंडळी अजून ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्ट’च म्हणतात. कार्यकारी मंडळावर नाव लागलं की त्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विश्वस्त झालात. ‘फक्त नाव’ अशी जात त्या कायद्यात नाही. कलम ४१ ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात, आणि कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष करणं हे त्यातलं एक कारण आहे. म्हणजे ‘मी बैठकांना जातच नव्हते’ हा बचाव उलटा अंगावर येतो.

तेव्हा चहा झाला की पुढचे कागद मागा: संस्थेची घटना, परिशिष्ट एकचा ताजा उतारा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, प्रोसिडिंग बुक (बैठकांच्या इतिवृत्तांची वही) आणि आयकराची नोंदणी पत्रं. देणाऱ्याने आढेवेढे घेतले तर तेही एक उत्तरच समजा.

यातला उतारा नीट वाचा. धर्मादाय कार्यालयाच्या लेखी आज विश्वस्त कोण, हे त्यावर असतं. मी रुजू झाले तेव्हा आमच्या उताऱ्यावर सात नावं होती. त्यांतल्या दोघी वारल्या होत्या, एक गृहस्थ मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले होते, आणि प्रत्यक्षात काम करणाऱ्या चौघींपैकी दोघींचं नाव कुठेच नव्हतं. कुणी काही लबाडी केली नव्हती. बदल झाला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो, तो कुणी केलाच नव्हता. त्याचा चटका कुठे बसला? बँकेत. सही बदलायला गेलो तर बँकेने उतारा मागितला आणि उताऱ्यावरच्या सहीवाल्या बाई दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. तीन महिने पगार अडकले.

बदल अर्जाला बैठकीची नोटीस, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो. हे सगळं ज्या दिवशी निवड होते त्याच आठवड्यात गोळा करा. वर्षभराने राजीनाम्यावर सही घ्यायला गेलं की माणसं रुसलेली असतात.

२. पहिले तीन महिने

काही सुचवू नका. केंद्राच्या बाहेरच्या खोलीत आठवड्यातून एकदा तासभर बसा. बाई येते तेव्हा तिला कोण सामोरं जातं, किती वेळ थांबावं लागतं, सोबत आलेली सासू कुठे बसते, लहान मूल असेल तर त्याला कोण बघतं, स्वच्छतागृह आहे का. मंडळाच्या बैठकीत कधीच न येणाऱ्या गोष्टी इथे दिसतात. आमच्याकडे बाकडं रस्त्यावरून दिसायचं. पडदा लावला त्याला अडीचशे रुपये लागले, पण ते लक्षात यायला सहा वर्षं लागली होती.

आणि आसपास काय आहे त्याची ओळख करून घ्या: तालुक्याचे संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला मदत करणारे अधिकारी) कोण, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर कुठे, पोलीस ठाण्यात महिला कक्ष आहे का, विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील कसा मिळतो. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक भिंतीवर हवेत. पोलीस ठाण्याच्या आवारात समाजकार्यकर्त्यांनी बसायचं, हा प्रयोग मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलीस यांनी १९८४ मध्ये सुरू केला, तोही आपल्याच राज्यात रुजला. आपलं केंद्र या साखळीतली एक कडी आहे. सगळं आपल्यालाच करायचं नसतं, हे विश्वस्ताला जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

३. दार

आता मुख्य गोष्ट.

छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. येणाऱ्या बाईचा दीर तुमच्या दुकानात हिशेब लिहितो, तिची जाऊ तुमच्या भिशीत आहे. अशा ठिकाणी बाई आमच्या पायऱ्या चढते ती एकाच भरवशावर, की इथलं बाहेर जाणार नाही. तो भरवसा टिकवायला चांगला स्वभाव पुरत नाही, नियम लिहून काढावे लागतात. आम्ही काढलेले सांगते.

मंडळाच्या बैठकीत नाव येत नाही, फक्त प्रकरण क्रमांक. नुसतं नाव लपवून भागत नाही. ‘शाळेतल्या शिक्षिका आहेत, नवरा एसटीत आहे’ असं म्हटलं की गावात दोनच घरं उरतात. म्हणून समुपदेशकांनी मंडळाला द्यायच्या तिमाही अहवालात व्यवसाय, गल्ली, जात, आडनाव यांतलं काहीही नसतं. रजिस्टरचं कपाट कुलपात असतं आणि किल्ल्या दोन: एक समुपदेशकाकडे, एक केंद्रप्रमुखांकडे. अध्यक्षांकडे नाही. आमच्या एका अध्यक्षांना हे फार लागलं होतं. “मी संस्थापक आहे,” ते म्हणाले. आम्ही म्हणालो, म्हणूनच.

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रकरणाचा शब्दही नाही. ‘आज एक वाईट केस आली’ इतकंही नाही. तो फोन घरी मुलगा गेम खेळायला घेतो.

देणगीदार येतात तेव्हा फोटो हवा असतो. केंद्राचा, कर्मचाऱ्यांचा, पाटीचा फोटो द्या. लाभार्थीचा नाही, पाठमोरासुद्धा नाही. साडीवरून माणूस ओळखू येतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. वार्षिक अहवाल हेही छापील साहित्यच, हे विसरायला होतं.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते बाईला बोलायला सुरुवात करण्याआधी सांगायला हवेत, नंतर नाही. सगळ्यांत मोठा अपवाद म्हणजे पोक्सो कायदा, २०१२. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत कळवलं नाही तर ती एक वर्षापर्यंत जाते. हे पुस्तकात सरळ दिसतं. प्रत्यक्षात दारात उभी असते सतरा वर्षांची, लग्न झालेली, पाचव्या महिन्यातली मुलगी. ती नवऱ्याची तक्रार घेऊन आलेलीच नसते, सासू जेवायला देत नाही हे सांगायला आलेली असते. समुपदेशकाने अशा वेळी एकटीने निर्णय घ्यायचा नाही. कुणाला फोन करायचा, कोणता वकील उपलब्ध असेल, मुलीला काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, कळवल्यानंतर तिच्या राहण्याची सोय कुठे, हे मंडळाने शांत दिवशी बसून लिहून ठेवायचं. त्या दुपारी ठरवू म्हटलं तर चुकतं. दुसरा अपवाद जिवाच्या धोक्याचा. ती स्वतःचं काही बरंवाईट करण्याच्या किंवा कुणी तिचा जीव घेण्याच्या बेतात असेल, तर गप्प राहायचं नाही.

न्यायालयाचं समन्स आलं तर? वकील आणि अशील यांच्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जसं संरक्षण आहे तसं समुपदेशकाच्या वहीला नाही. ती वही मागवली जाऊ शकते. म्हणून नोंदी कशा लिहाव्यात याचं प्रशिक्षण द्या: बाईने काय सांगितलं ते तिच्या शब्दांत, तारीख, कोणता सल्ला, पुढची भेट. समुपदेशकाची मतं, अंदाज, ‘बाई जरा तापट वाटते’ असली वाक्यं वहीत नकोत. समोरचा वकील नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो.

४. किती संसार जोडले, हे विचारू नका

आमच्याकडच्या जुन्या वार्षिक अहवालांत एक रकाना असायचा: ‘समेट झालेली प्रकरणे’. जितका आकडा मोठा तितक्या टाळ्या. अनुदान देणारेही तोच विचारत. मग समुपदेशकही नकळत त्याच दिशेने ढकलू लागते. बाईला समजावून नांदायला पाठवलं की रकाना भरतो. ती चार महिन्यांनी हात मोडून परत आली तर नवीन प्रकरण म्हणून पुन्हा एक आकडा. दोन्ही वेळा संस्था यशस्वी!

हा रकाना आम्ही काढून टाकला, आणि त्या बैठकीइतकी तापलेली बैठक नंतर झाली नाही. “संसार मोडायला बसलोय का आपण?” असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर देताना मला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २००६ चे नियम उपयोगी पडले. न्यायालयाच्या सांगण्यावरून होणाऱ्या समुपदेशनासाठी नियम १४ आहे. त्यात समोरच्या पक्षाला झालेल्या हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं’ हे वाक्य तिथे चालत नाही. कायदाच जर मारहाणीत मधला रस्ता मानत नसेल, तर आम्ही दोघांना समोरासमोर बसवून ‘दोघांनी थोडं थोडं सोडा’ कसं म्हणणार?

समेट होऊच नये असं नाही. होतात, आणि काही फार चांगले होतात. पण तो निर्णय तिचा आहे, मंडळाच्या अहवालाचा नाही. मग विश्वस्तांनी विचारावं काय? पहिल्या भेटीनंतर किती जणी पुन्हा आल्या. फोन केल्यापासून भेट मिळायला किती दिवस लागले. किती जणींबरोबर सुरक्षिततेचा आराखडा बसून केला, म्हणजे कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, रात्री निघावं लागलं तर कुणाचं दार ठोठवायचं, मुलांच्या शाळेत काय सांगायचं. घरगुती घटना अहवाल, म्हणजे घरातल्या हिंसेची कायद्याने ठरवलेल्या नमुन्यातली नोंद, किती भरले आणि ते संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत कधी पोहोचले. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १० खाली तुमची संस्था सेवा देणारी संस्था म्हणून नोंदली असेल, तर बाईची इच्छा असल्यास हा अहवाल तुमच्याकडेच भरून दंडाधिकारी व संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. नोंदणी नसेल तर ती करून घेणं हे मंडळाचं काम. आणि एक प्रश्न जो कुणी विचारत नाही: कोण येत नाहीये? आमच्या नोंदीत दोन वर्षं ऊसतोड वस्तीवरची एकही बाई नव्हती. केंद्राची वेळ अकरा ते पाच. तिची कामाची वेळ तीच.

५. बड्या माणसाचा फोन

हा येणारच. नगरसेवक, कारखान्याचे संचालक, तुमचे चुलत दीर, कधी तुमचे डॉक्टर. सूर गोड असतो. “वहिनी, आमच्या सुनेनं तुमच्याकडं काही अर्ज दिलाय म्हणे. घरातली गोष्ट आहे, मिटवून टाकू.”

उत्तर पाठ करून ठेवा. मी असं म्हणते: “केंद्रात कोण येतं, कोण नाही, हे आम्हा विश्वस्तांना कळत नाही आणि आम्ही विचारतही नाही. तुमच्या घरातल्या कुणाला बोलायचं असेल तर केंद्र अकराला उघडतं.” बस. ‘बघते’, ‘विचारून सांगते’ म्हणायचं नाही. बघते म्हटलं की ती सून आमच्याकडे आली होती हे तुम्ही कबूल केलंत. हे खरं उत्तर असण्यासाठी तुम्हाला खरोखरच माहीत नसायला हवं. दाराबाहेर राहण्याचा हा असा रोकडा फायदा.

फोन आला की तो केंद्रप्रमुखांना कळवा आणि पुढच्या बैठकीत सांगा: ‘एका प्रकरणासंबंधी बाहेरून विचारणा झाली, नियमाप्रमाणे उत्तर दिले.’ सांगितलेला दबाव निम्मा होतो.

याचीच दुसरी बाजू हितसंबंधांची. मंडळावर वकील हवा, पण तो केंद्रात आलेल्या बाईचा खटला फी घेऊन चालवणार नाही, आणि नवऱ्याच्या बाजूचा तर नाहीच. दंडाधिकाऱ्यांनी नेमायच्या समुपदेशकासाठीही त्या २००६ च्या नियमांत हीच काळजी आहे: वादात हितसंबंध असलेली किंवा पक्षकारांची नातेवाईक व्यक्ती चालत नाही. विश्वस्ताच्या नात्यातली बाई आली तर समुपदेशकाने तिला शेजारच्या तालुक्यातल्या केंद्राचा पत्ताही द्यावा आणि निवड तिच्यावर सोडावी. विश्वस्ताची भाची कर्मचारी म्हणून नको. विश्वस्तांच्या नातेवाइकांना संस्थेकडून वाजवीपेक्षा जास्त फायदा झाला तर आयकराची सूटही धोक्यात येते, हे सांगितलं की लोक ऐकतात. नीतीपेक्षा आयकर पटकन पटतो.

६. पैसे

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे या भागात माझं जरा जास्त चालतं. तरी थोडक्यात.

आधी हे धरून चाला की अनुदान उशिरा येणार. सरकारी असो की कंपनीचं. समुपदेशकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. समजा महिन्याचा खर्च ९०,००० रुपये आहे, तर सहा महिन्यांची गंगाजळी म्हणजे ५,४०,०००. एकदम जमणार नाही. आयकराची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशासाठी खर्च करावे लागतात आणि १५ टक्के मागे टाकता येतात. कायम निधीसाठी देणगी घेताना मात्र देणगीदाराने तसं लेखी दिलेलं हवं. ते पत्र पावतीलाच टाचून ठेवा.

पगाराला पैसे नाहीत म्हणून एखादा सज्जन विश्वस्त स्वतःचे दोन लाख ‘उसने’ देतो. मन मोठं, पण विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेसाठी कर्ज घेता येत नाही, आणि उसनवारी हे कर्जच. द्यायचे असतील तर देणगी द्या आणि पावती घ्या. ठेवी अनुसूचित बँकेत किंवा पोस्टात. गावातली पतसंस्था दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडे वळू नका, कलम ३५ मध्ये विश्वस्त निधी कुठे गुंतवायचा ते ठरलेलं आहे. संस्थेची जागा विकायची, बक्षीस द्यायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तर कलम ३६ ची परवानगी आधी.

देणगी रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर देणाऱ्याला आयकरात देणगीची (जुन्या कायद्यातली ८० जी ची) वजावट मिळत नाही. हे त्याला आधी सांगा, मार्च संपल्यावर भांडण नको. देणगीदारांचा तपशील आयकर खात्याकडे ऑनलाइन भरल्यावरच त्यांचं प्रमाणपत्र निघतं, म्हणून पावती फाडतानाच पॅन घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लेटरहेडवर जुने क्रमांक छापण्याआधी सीएंना विचारा.

गणपतीत अमेरिकेहून मंडळी येतात, भारावतात, चेक काढतात. त्यांना चहा देतादेताच पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची स्वतःची देणगी विदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्ड असलेला माणूस मात्र विदेशी नागरिक. विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी नसेल तर त्याचे शंभर रुपयेही घेता येत नाहीत, आणि नोंदणी असेल तरी ते आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो.

दोन सह्या, त्यांतली एक कोषाध्यक्षांची. कोरे चेक सही करून ठेवायचे नाहीत, अध्यक्ष चारधामला निघाले असले तरी. ऑडिट वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत.

७. समुपदेशकांची काळजी

एमएसडब्ल्यू झालेली मुलगी आपल्याकडे येते, दिवसाला चार-पाच जणींचं ऐकते, आणि तिचं मानधन पेट्रोलपंपावरच्या कॅशियरइतकं असतं. ती दोन वर्षांत जाते. मग मंडळ म्हणतं, हल्लीच्या मुलींना समाजकार्याची ओढ नाही. मला हे ऐकवत नाही. अनुदानाचा प्रस्ताव लिहिताना पगाराचा आकडा आपणच कमी लिहितो, ‘स्वस्तात काम’ दाखवायला.

पगाराच्या बरोबरीने तिला महिन्यातून एकदा तरी बाहेरच्या अनुभवी समुपदेशकाशी बोलायला मिळालं पाहिजे. जे ऐकलं ते घरी सांगता येत नाही, मंडळाला सांगता येत नाही, मग ते जातं कुठे? ही बैठक ऑनलाइन झाली तरी चालते. तिचे पैसे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर धरा, नाहीतर पहिली कात्री तिथेच लागते. दिवसाला जास्तीत जास्त चार नव्या भेटी, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रकरण हाताळल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी, ती मागावी न लागता.

सुरक्षितता. चिडलेला नवरा केंद्रावर येतो. समुपदेशक कधीच एकटी नको. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, तिची खुर्ची दाराजवळची. धमकी आली की पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायला विश्वस्ताने स्वतः जायचं, तिला एकटीला पाठवायचं नाही. पदाचा मान आपल्याला मिळतो तो अशा वेळी खर्च करण्यासाठी. कर्मचारी दहा किंवा जास्त असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. स्त्रियांसाठी काम करतो म्हणून आपल्याला ती लागत नाही असं काही नाही.

८. बैठक आणि प्रोसिडिंग

तिमाही एक बैठक, दीड तास, अजेंडा आठ दिवस आधी. गणपूर्ती घटनेत किती आहे ते पाहून ठेवा, नाहीतर ठराव टिकत नाही. घरोघरी फिरून सह्या घेतलेलं प्रोसिडिंग म्हणजे न झालेली बैठक.

लिहायचं कसं, याचा नमुना देते. आमच्या जुन्या वहीत असं असायचं: ‘सौ. अमुक यांच्या नवऱ्याने दारू पिऊन केंद्रात गोंधळ घातला, यावर चर्चा झाली.’ नाव बाहेर आलं आणि ठरलं काय, ते नाहीच. आता असं असतं: ‘ठराव क्र. ७. प्रकरण क्र. २३ संदर्भात कर्मचाऱ्यांना धमकी आल्याचे केंद्रप्रमुखांनी सांगितले. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देण्याचे व पुढील एक महिना दुपारी तीननंतर दोन कर्मचारी हजर ठेवण्याचे ठरले. जबाबदारी: सचिव. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.’ ही वही उद्या धर्मादाय कार्यालयात, बँकेत, न्यायालयात कुठेही जाऊ शकते.

९. संस्थापक, मंडळ आणि मतभेद

केंद्र बहुधा एका बाईच्या जिद्दीतून उभं राहिलेलं असतं. तिला मंडळ म्हणजे अडचण वाटते, मंडळाला ती हुकूमशहा वाटते. हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसे बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे, आणि इथल्या सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे का, यावरून १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले. त्यात कोण बरोबर होतं यावर आजही वाद घालता येईल. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते: संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहणार, याचा अर्थ संस्थापिका, स्थानिक मंडळ आणि देणगीदार असे तिघं वेगवेगळा लावत होते. सदन चालू राहिलं, पण शहराचा हात सुटला.

म्हणून वर्षातून एकदा, मतभेद नसताना, संस्थापिकेबरोबर बसून एका पानावर लिहा: मंडळ काय ठरवणार, ती काय ठरवणार, आणि कोणत्या गोष्टी दोघांनी मिळून. प्रकरणातला निर्णय तिचा आणि समुपदेशकांचा. नेमणूक, पगार, करार, खाती मंडळाची. केंद्राची वेळ, जागा, नवं काम सुरू करणं, हे मिळून. आमच्या पानावर ‘माध्यमांशी कोण बोलणार’ हे लिहायचं राहिलं होतं आणि त्यावरूनच पुढचं भांडण झालं.

१०. निघताना

दोन मुदती झाल्या की बाजूला व्हा. घटनेत मर्यादा नसली तरी. सहा महिने आधी सांगा, म्हणजे नवी व्यक्ती तुमच्या शेजारी बसून ऑडिटचा एक हंगाम बघेल. राजीनामा तारखेसह लेखी द्या आणि बदल अर्ज दाखल झाला की त्याची प्रत मागून घ्या. तोवर उताऱ्यावर तुम्हीच आहात. बँकेतली सही काढून घ्या. ऑनलाइन खात्यांना तुमचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, तो बदलून घ्या, नाहीतर नव्या कोषाध्यक्षांचा ओटीपी दोन वर्षं तुमच्या फोनवर येत राहतो. माझ्या आधीच्या बाईंना असाच येत होता. त्या कंटाळून एक दिवस केंद्रावर आल्या, बाहेरच्या बाकड्यावर बसल्या आणि आतलं दार बंद आहे हे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, “तेवढा नंबर काढा गं आता.”